गवत मोडल्यावर पहिले पीक कडधान्याचेच हवे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

हलक्या, मुरमाड रानात तीन-चार वर्षे गवत ठेवले की पुढचे पीक जोमदार येते, हा सल्ला खरा, पण अर्धाच. बाकीचे कोणी सांगत नाही. मग गवत मोडून लगेच बाजरी पेरली जाते, ती पिवळी पडते आणि दोष गवताच्या माथी येतो.

जमीन सुधारते ती मुळांमुळे. अंजन, मारवेल या चाऱ्याच्या गवतांची तंतुमय मुळे आणि त्यांवर जगणाऱ्या बुरशींचा चिकट स्राव मातीची कणीदार घडण करतात. नांगर फिरत नसल्याने सेंद्रिय कर्ब टिकतो, पाणी मुरते. नत्राची भर मात्र गवत घालत नाही, म्हणून ओळींमध्ये स्टायलो, म्हणजे हवेतले नत्र जमिनीत आणणारे शेंगवर्गीय चारापीक, हवाच. त्याचे बी टणक. 80 अंश सेल्सिअसच्या पाण्यात चार-पाच मिनिटे ठेवून रात्रभर भिजवावे. अंजनाचे बी हेक्टरी 5 किलो पुरते. ते हलके, वाऱ्याने उडते. ओलसर मातीत मिसळून वरच्यावर, सेंटीमीटरभरच खोल पेरावे. ताजे बी नीट उगवत नाही, गेल्या हंगामातले घ्यावे.

टनभर वाळल्या गवताबरोबर 10 ते 15 किलो नत्र आणि त्याहून अधिक पालाश (पोटॅश) रानाबाहेर जाते. गवत विकायचे आणि शेणखत परत टाकायचे नाही, तर सुधारणा कसली?

मोडणी एप्रिल-मेमध्येच करावी, म्हणजे उलटलेले ठोंब उन्हात वाळतात. ओल्या रानात मारवेलची कांडी पुन्हा मूळ धरते. गवताच्या मुळांत नत्राच्या पन्नासपट किंवा जास्त कर्ब असतो. ती कुजवताना जिवाणू जमिनीतलेच नत्र ओढून घेतात. बाजरी पिवळी पडते ती यामुळे. कडधान्य हवेतले नत्र घेते, म्हणून पहिल्या खरिपात हुलगा, मटकी किंवा तूर घ्यावी, तृणधान्य पुढच्या वर्षी. बाजरीच हवी असेल तर नेहमीच्या मात्रेशिवाय हेक्टरी 20 किलो नत्र, म्हणजे युरियाची 45 किलोची एक गोणी, पेरणीवेळी जादा द्यावी.

हुमणी या मुळे खाणाऱ्या अळीकडेही लक्ष हवे. गवताच्या मुळांवर ती पोसते. मोडणीआधीच्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाच-सहा ठिकाणी फूटभर खोदून पाहावे. अळ्या सापडल्या तर त्या रानात पुढच्या खरिपाला भुईमूग मुळीच घेऊ नये.

आपला,
एक वाचक, सोलापूर