‘सत्यकथा’ म्हणताना पॉलीन यांचे नाव वगळू नये

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या मारधाडपटांवरील आपल्या रविवार पुरवणीतील लेखात १९७३ च्या ‘वॉकिंग टॉल’ या अमेरिकी चित्रपटाचे वर्णन ‘भ्रष्टाचाराशी एकट्याने झुंजलेल्या शेरीफची सत्यकथा’ असे केले आहे. चित्रपट मलाही आवडतो. हातात भलामोठा सोटा घेऊन जुगाराच्या अड्ड्यात शिरणारा नायक (अभिनेता जो डॉन बेकर) एकदा पाहिला की विसरता येत नाही. माझी हरकत फक्त ‘सत्यकथा’ या शब्दाला आहे.

आपल्याकडे शेरीफ म्हटले की मुंबईतील मानाचे पद आठवते. अमेरिकेच्या ग्रामीण भागातला शेरीफ मात्र मतदारांनी निवडून दिलेला आणि काउंटीचे, म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागाचे, पोलीस व तुरुंग हाती असलेला अधिकारी असतो. हा चित्रपट ज्यांच्यावर बेतला आहे ते टेनेसी राज्यातील मॅकनेअरी काउंटीचे बफर्ड पसर १९६४ ते १९७० या काळात असे शेरीफ होते, आणि मिसिसिपीच्या सीमेवर बेकायदा दारू व जुगाराचे धंदे चालवणाऱ्या टोळीशी त्यांचे वैर खरेच होते. १२ ऑगस्ट १९६७ च्या पहाटे आपल्या गाडीवर दबा धरून गोळीबार झाला, त्यात पत्नी पॉलीन मारल्या गेल्या आणि स्वतःचा जबडा फुटला, असे त्यांनी सांगितले. चित्रपटातील सूडाचा सारा आवेश याच मृत्यूवर उभा आहे.

त्या वेळी पॉलीन यांचे शवविच्छेदनसुद्धा झाले नव्हते. ते व्हायला २०२४ साल उजाडले, तेही दफन केलेला मृतदेह बाहेर काढून. २९ ऑगस्ट २०२५ रोजी राज्याच्या तपास यंत्रणेने जाहीर केले की, मिळालेले पुरावे पसर यांच्या जबाबाशी जुळत नाहीत आणि पत्नीच्या हत्येत त्यांचाच हात असल्याकडे बोट दाखवतात. पसर हयात असते तर आरोप ठेवण्यासाठी प्रकरण ग्रँड ज्युरीपुढे (खटला भरण्याइतका पुरावा आहे का, हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे) नेले असते, असे तेथील सरकारी वकिलांनी सांगितले. पसर १९७४ मध्येच मोटार अपघातात गेले, त्यामुळे न्यायालयाचा निकाल आता कधीच लागणार नाही आणि त्यांना खुनी म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. परंतु ज्या हकिकतीवर तपास यंत्रणेनेच जाहीर शंका घेतली आहे, तिला बिनदिक्कत सत्यकथा म्हणण्याचा अधिकार तरी कुठून आला?

(२००४ मध्ये ड्वेन जॉन्सनला घेऊन काढलेल्या नव्या आवृत्तीत नायकाचे नाव आणि राज्य दोन्ही बदलले होते, पत्नीच्या खुनाचा प्रसंगही नव्हता, चित्रपट म्हणून ती फिकी असली तरी निदान या बाबतीत निर्धोक आहे.)

लेखकाने चित्रपटाची तारीफ मागे घ्यावी, असे माझे म्हणणे नाही. पुढील अंकात या तपासाचा खुलासा चार ओळींत द्यावा आणि त्यात पॉलीन पसर हे नाव यावे, एवढीच विनंती. कारण मूळ लेखात शेरीफचे नाव सात वेळा आले आहे, त्यांचे एकदाही नाही.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा