गल्ली वर, घर खाली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवा आमच्या गल्लीत चुन्याच्या रेघा पडल्या. सिमेंट रस्ता मंजूर झाला म्हणे. आनंद व्हायला पाहिजे होता, पण मी घरातून टेप आणला आणि आधी उंबरा मोजला. आहे त्याच रस्त्यावर आणखी सहा इंचांचा थर पडला, तर माझ्या गाडीच्या खोलीचा उंबरा रस्त्याच्या दोन इंच खाली जातो. अडीच वर्षांपूर्वी मी याच खोलीची जमीन फोडून नव्याने केली. ती का करावी लागली हे सांगितल्याशिवाय माझी तक्रार कोणाला समजायची नाही, म्हणून पत्र जरा लांबतं आहे.

मी एस.टी.त तीस वर्षं मेकॅनिक होतो. 2017 मध्ये सुटलो आणि गावी आलो. घराला लागून पूर्वी बैलांचा कोठा होता, दहा बाय अठरा फुटांचा. 2008 मध्ये बैल विकले तेव्हा भावाने तिथे तीन इंचांचा कोबा करून घेतला होता. खाली विटांचे तुकडे, त्याखाली थेट काळी माती. आता तिथे ट्रॅक्टर, मोटारसायकल आणि माझी अवजारं असतात. गल्लीत पहिला सिमेंट रस्ता 2011 ला झाला, तो कोब्याच्या खाली होता. 2019 ला त्याच्यावरच दुसरा थर टाकला आणि रस्ता कोब्याच्या तीन इंच वर गेला. तेव्हा मी काही बोललो नाही. चिखल गेला यातच गाव खूश होतं, मीही होतो.

दुसऱ्याच पावसाळ्यात फाटकापासून मागच्या कोपऱ्यापर्यंत तिरपी भेग गेली. मी तिच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने खुणा करून तारखा लिहिल्या, वर्कशॉपची सवय. वैशाखात भेगेत पाच रुपयांचं जाड नाणं उभं राहायचं. पोळ्याच्या सुमारास भेग जवळजवळ मिटायची, पण रस्त्याकडची बाजू अर्धा इंच वर उचललेली असायची. म्हणजे वावरात जे होतं तेच घरात चाललं होतं. उन्हाळ्यात आपल्या वावरातल्या भेगांत मनगटापर्यंत हात जातो, आणि पाणी पडलं की तीच जमीन फुगून एक होते. फरक एवढाच की वावराला फुगायला मोकळं आभाळ आहे. इथे वर कोबा होता.

सिमेंटचा घोळ करून मी ती भेग दोनदा भरली. दोन्ही वेळा वर्षभरात ती पट्टी पापडासारखी सुटून हातात आली. शेजाऱ्याने तर त्याच्या पोर्चमध्ये वरून टाइल्सच बसवल्या. सहा महिन्यांत त्या पोकळ वाजू लागल्या, आणि एक दिवस मधली रांग तंबूसारखी उभी झाली.

तरीही मी चालढकल करत राहिलो. मग एका संध्याकाळी ट्रॉलीचं चाक काढायला बॉटल जॅक लावला. जॅकचा तळ नेमका भेगेच्या काठावर आला होता. तीन-चार पंप मारले तोच काठाचा तुकडा खचला, जॅक कलला आणि ट्रॉली धप्पकन खाली बसली. माझी बोटं चाकाखालून जेमतेम निघाली. तीस वर्षं एस.टी.च्या गाड्यांखाली झोपलेला माणूस स्वतःच्या कोठ्यात बोटं देऊन बसला असता!

2023 च्या होळीनंतर ब्रेकर आणून सगळा कोबा फोडला. मलबा पांदणीतल्या खड्ड्यांत टाकला. खाली जे दिसलं ते मी गावातल्या दहा जणांना बोलावून दाखवलं. फाटकाकडची, म्हणजे रस्त्याकडची चार फूट माती मार्च महिन्यातही ओली होती, मुठीत दाबली की लाडू व्हायचा. मागच्या भिंतीकडची माती मात्र इतकी कोरडी की कुदळ मारली की ढेकूळ खणकन वाजायचं. एकाच खोलीखाली अर्धी जमीन फुगलेली आणि अर्धी आटलेली. वरचा कोबा मधे मोडणार नाही तर काय! ओल कुठून आली हे विचारायची गरज नव्हती. गल्लीचं पाणी उताराने माझ्या फाटकाशी येऊन थांबत होतं.

माझा भाचा स्थापत्य अभियंता आहे. तो म्हणाला, आपली माती ज्वालामुखीच्या काळ्या दगडाची, तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं, ते पाणी पिऊन फुगतं. याच मातीत कालव्यांचं अस्तर फुटायचं, म्हणून मुंबईच्या आयआयटीतले प्रा. आर. के. कट्टी यांनी काळी माती आणि अस्तर यांच्या मधे न फुगणाऱ्या, चिकटून राहणाऱ्या मातीचा थर घालायची पद्धत मांडली. आपल्याकडचा चांगला मुरूम त्या कामाला चालतो. पण नुसता भुसभुशीत, वाळूसारखा मुरूम नको, त्यातून पाणी सरळ खाली जातं.

दोन फूट काळी माती काढून वावरात नेली. मिस्त्री हसायला लागला. ‘‘काय करून राहिले काका, विहीर खंदता का? मुरमाले पैसे कायले घालता, वरून मस्त कोबा मारून देतो.’’ मी म्हटलं, वरून दोनदा मारून पाहिला. आमचा पायवा साडेचार फूट खोल आहे म्हणून एवढं खोदता आलं. ज्यांचा पायवा उथळ आहे त्यांनी आधी जाणत्याला विचारावं, नाहीतर फरशीच्या नादात भिंत जायची.

पाच ब्रास मुरूम लागला. सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थरावर बेताचं पाणी आणि धुम्मस, म्हणजे जड ठोकणीने ठोकून दाबणं. दोन मजुरांचे हात भरून आले, पण शेवटी टाच आपटली तरी उमटत नव्हती. जमीन रस्त्याच्या चार इंच वर यावी म्हणून जुन्या कोब्यापेक्षा सात इंच उचलली. त्यासाठी लोखंडी फाटक खालून तेवढंच कापावं लागलं. मुरमावर जाड काळं प्लास्टिक, भिंतींना लागून अर्ध्या इंचाची थर्माकोलची पट्टी, आणि मग पाच इंच काँक्रीट: एक सिमेंट, दीड रेती, तीन गिट्टी. सतरा पोती गेली. आठ एमएमची जाळीही टाकली. ती मजुरांच्या पायाखाली सारखी तळाला जायची आणि मी सारखी ठोकळ्यांवर उचलून ठेवायचो. भेगेला आवर घालायचा तर जाळी तळाला पडून उपयोग नाही.

खरं भांडण पाण्यावरून झालं. पन्नास किलोच्या पोत्याला पंचवीस, फार तर तीस लिटर पाणी पुरतं. आमच्या मिस्त्रीने मिक्सरमध्ये सरळ नळीच सोडली. त्यांना माल वाहता लागतो, फावड्याने ढकलायचा त्रास वाचतो. मी नळी बंद केली आणि वीस लिटरची बादली व एक मग घेऊन मिक्सरजवळ खुर्ची टाकून बसलो. ‘‘असा कोरडा माल पसरंल का?’’ म्हणून तो दिवसभर कुरकुरला. पसरला! हात दुखले, पण पसरला. जास्तीचं पाणी वर तरंगतं, मग त्यावर कोरडं सिमेंट भुरभुरून रंध्याने घोटतात. दिसायला आरसा होतो, आणि वर्षभरात झाडू मारला की पीठ निघतं. फाटकाकडे दोन इंचांचा उतार काढला. दुसऱ्या दिवशी पहाटे, ऊन चढायच्या आत, मधोमध आडवा सव्वा इंच खोल काप कटरने मारून घेतला. काँक्रीट वाळताना आकसणारच. ते कुठे चिरायचं हे आपणच ठरवून दिलं की ते तिथेच चिरतं.

मग पाणी मारणं. आमच्या सिमेंटात राखेचं मिश्रण होतं, आणि एप्रिलचं आपल्याकडचं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे, म्हणून चौदा दिवस. काळ्या मातीची छोटी धुरं घालून गव्हासारखे वाफे केले आणि त्यात पाणी उभं ठेवलं. या कामाचं श्रेय आमच्या सौभाग्यवतींचं. मी दुपारी झोपायचो. त्या दोन वाजता उठून वाफे बघायच्या आणि मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बादली आपटायच्या.

तीन पावसाळे झाले. जमिनीत जो काप मी मारला त्याच्याखाली केसासारखी एक रेघ आहे, बाकी काही नाही. जॅक कुठेही लावा.

आणि आता तिसरा थर. पाणी पुन्हा माझ्या फाटकाशी थांबणार, प्लास्टिकच्या कडेने, पायव्याच्या अंगाने खाली उतरणार. मी पैसे घालून आत मुरूम भरला. भिंतीबाहेरची माती मात्र काळीच आहे, ती कशी बदलू? माझं तरी बरं. पलीकडच्या आजीच्या घरात पूर्वी दोन पायऱ्या चढून जायचो, आता एक पायरी उतरावी लागते. पावसाळ्यात त्या दारात मातीची पोती लावून झोपतात. आमच्या गल्लीतल्या बावीस घरांपैकी चौदा घरांचे उंबरे या थरानंतर रस्त्याखाली जातील. हे मी एका सकाळी दारोदार फिरून मोजलं आहे.

मी संबंधितांना भेटलो. जुना रस्ता फोडायची तरतूद इस्टिमेटमध्ये नाही, असं उत्तर मिळालं. मग करा ना! फोडलेलं जुनं काँक्रीट बारीक करून, दाबून नव्या रस्त्याखाली वापरता येतं, ते वाया जात नाही. निदान काम सुरू होण्याआधी गल्लीतला सर्वात खालचा उंबरा मोजावा, रस्त्याची पातळी त्याच्या खाली धरावी, आणि कडेला नालीचा उतार आधी काढावा, रस्ता मागून. आज उलटं चालतं: रस्ता आधी, नाली पुढच्या निधीत. बिल इंचांच्या जाडीवर निघतं. उंबऱ्याची उंची कोणत्याच कागदावर नाही.

आपल्या दैनिकात रस्त्यांच्या उद्घाटनाचे फोटो छापून येतात. एखाद्या वेळी वार्ताहराला टेप घेऊन पाठवा. आमचीच गल्ली पाहिजे असं नाही, कोणतंही गाव चालेल.

सोमवारी मशीन येणार आहे. फाटकाच्या खांबावर, सध्याच्या रस्त्याच्या पातळीला मी लाल ऑइलपेंटने रेघ मारून तारीख टाकली आहे.

आपला वाचक,
एक निवृत्त एस.टी. मेकॅनिक
ता. हिंगणघाट, जि. वर्धा