पडून असलेल्या पैशाबद्दल

नाशिक

चि. मृणाल,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, ती एफडी नुसती पडून आहे, मोड आणि एसआयपीत टाक." म्हणजे बँकेतली मुदत ठेव मोडून ते पैसे दरमहा थोडे थोडे शेअर बाजारातल्या म्युच्युअल फंडात घालायचे. तुझा पहिला पगारही भाडं आणि मेसचे पैसे वजा जाता सगळा तिकडेच वळवायचा तुझा विचार आहे. बाबांना ते पटलं. मला पटलं नाही, पण फोनवर आकडे नीट सांगता येत नाहीत, म्हणून लिहायला बसले.

कोरोना आला तेव्हा तू दहावीला होतीस. तुमचा भूगोलाचा पेपर पुढे ढकलला आणि मग रद्दच झाला, तो मार्च. त्यानंतरच्या एप्रिलचं माझ्या हिशेबाच्या वहीतलं पान आजही वेगळं दिसतं. पेट्रोल नाही, रिक्षा नाही, बाहेरचं खाणं नाही, लग्नांचे आहेर नाहीत, कापडचोपड नाही. किराणा वाढला होता, गॅस सिलिंडर आठवडाभर आधीच संपायचा, विजेचं बिल फुगलं, पुढे तुझ्या ऑनलाइन वर्गांसाठी मोबाईल घ्यावा लागला. तरीही महिनाअखेरीला नेहमीपेक्षा जास्त पैसे उरले. देशभर हेच घडत होतं. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत घराघरांतली निव्वळ (कर्ज वजा जाता) आर्थिक बचत जीडीपीच्या, म्हणजे देशाच्या एकूण उत्पादनाच्या, २१ टक्क्यांपर्यंत गेली, असा रिझर्व्ह बँकेचा अंदाज होता. पुढच्याच तिमाहीत दुकानं उघडली आणि ती १०.४ टक्क्यांवर आली. खुद्द जीडीपीच एप्रिल-जूनच्या तिमाहीत जवळपास २४ टक्क्यांनी आकसला होता, म्हणूनही तो पहिला आकडा इतका मोठा दिसतो. आणि २०२२-२३ पर्यंत हीच बचत पाच टक्क्यांच्या आसपास उतरली, कित्येक दशकांत नव्हती इतकी खाली.

लोक एकदम काटकसरी झाले आणि मग उधळे झाले, असं मी म्हणणार नाही. खर्चाच्या वाटा बंद होत्या आणि मनात भीती होती, म्हणून पैसा उरला. तोही सगळ्यांचा नाही. आपलं रिक्षाभाडं वाचलं म्हणजे कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्या काकांच्या घरचा किराणा थांबला. आपल्या मावशींचा पगार आपण त्या महिन्यांतही दिला, कारण त्यांची बचत म्हणजे भिशीत अडकलेले थोडे पैसे, आणि भिशी तर बंद पडली होती. गेटवर द्राक्षांचे टेम्पो यायचे, आठवतात? माल परदेशात जाईना, बाजार बंद, म्हणून शेतकरी दारोदार विकत होते आणि उरलेल्याचे बेदाणे करत होते. सरासरीच्या आकड्यात यातलं कुणीच दिसत नाही. म्हणून कुणी "कोरोनात लोकांची बचत वाढली" म्हणालं, की कुणाची वाढली हे आधी विचारत जा.

मे महिन्यात बाबांचा पगार निम्मा झाला. घराचा हप्ता चालूच होता. रिझर्व्ह बँकेने २७ मार्चला तीन महिने हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली होती, नंतर ती ऑगस्टअखेरपर्यंत वाढवली. बाबांच्या मनात ती घ्यावी असं होतं. मी कागदावर मांडलं. समज, दहा लाख कर्ज बाकी आहे आणि व्याज साडेआठ टक्के. म्हणजे महिन्याला सात हजारांच्या वर व्याज. सहा महिने काही भरलं नाही, तर बेचाळीस-त्रेचाळीस हजार कर्जात वाढतात आणि पुढे वर्षानुवर्षं त्यावर व्याज चालतं. व्याजावरचं व्याज सरकारने नंतर परत दिलं, मूळ व्याज कुणालाच सुटलं नाही. आपल्याकडे शिल्लक होती म्हणून आपण हप्ते भरत राहिलो. शेजारच्या काकूंचं दुकान बंद होतं, त्यांनी मुभा घेतली आणि ते बरोबरच केलं. पुढे दुकानात माल भरायला त्यांनी पाटल्या तारण ठेवल्या. त्या ऑगस्टमध्ये सोनं तोळ्याला पंचावन्न हजारांच्या वर गेलं होतं आणि बँकांना दागिन्यांच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज द्यायची परवानगी मिळाली होती. हौसेने घडवलेल्या पाटल्यांनी त्यांचं दुकान उभं राहिलं.

आजोबांचं वेगळंच. त्यांची पोस्टातली ज्येष्ठ नागरिकांची ठेव नेमकी तेव्हा मुदत संपून हातात आली, आणि १ एप्रिलपासून नवीन ठेवीचा दर ८.६ वरून ७.४ टक्के झाला होता. पाच लाखांवर वर्षाला सहा हजार कमी. व्याजावर जगणाऱ्या माणसाला याचा अर्थ औषधाच्या दुकानात कळतो.

आता त्या एफडीबद्दल. २०२१ च्या एप्रिलमध्ये तुझ्या मामाला दाखल केलं, तेव्हा रुग्णालयाने विम्याचं कार्ड बाजूला ठेवलं आणि आधी रोख भरा म्हणाले. रात्र होती. मी मोबाईलवरून एफडी मोडली, थोडं व्याज कापलं गेलं, पैसे खात्यात आले आणि पलंग मिळाला. विम्याचे पैसे नंतर आले, पण बरेच नंतर. फंडातले पैसे काढायला सांगितले असते तर ते खात्यात यायला दोन-तीन दिवस गेले असते.

एसआयपीला माझा विरोध नाही. २३ मार्च २०२० ला शेअर बाजाराचा निर्देशांक सेन्सेक्स एका दिवसात ३,९०० अंकांहून जास्त पडला आणि वर्ष संपायच्या आत सगळं भरून निघालं. ज्यांना थांबता आलं त्यांचं नुकसान झालं नाही. ज्यांना घरभाड्यासाठी त्याच आठवड्यात विकावं लागलं, त्यांना ती वाढ बघायलाही मिळाली नाही. बँकेत पडून असलेला पैसा तुला थांबू देतो, मग तुझी एसआयपी खरी चालते.

तेव्हा आधी सहा महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम बाजूला काढ. पगाराच्या नव्हे, खर्चाच्या हिशेबाने. थोडी बचत खात्यात, बाकी एफडीत. एका बँकेत पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो, २०२० च्या फेब्रुवारीपर्यंत तो फक्त एक लाख होता. कंपनीच्या आरोग्यविम्यावर विसंबू नकोस. नोकरी सुटली की तो जातो, आणि नोकऱ्या नेमक्या कोणत्या काळात सुटतात ते आपण पाहिलं आहे. तुझ्या वयात स्वतःची पॉलिसी स्वस्त पडते, ती याच महिन्यात घे. हप्त्यावर नवा फोन घेणं पुढे ढकल. स्कॅन करून दिलेले वीस-तीस रुपयेसुद्धा महिनाभर लिहून ठेव, कारण नोटा मोजून देताना हाताला जे जाणवायचं ते आता जाणवत नाही.

तुझ्याकडे कामाला येणाऱ्या ताईंना तू दिवाळीत सुटीवर असताना पगार दिलास का, तेही कळव. रविवारी फोन करशील तेव्हा भाडं, मेस, प्रवास आणि विजेचा आकडा जवळ ठेव, आपण दोघी मिळून सहा महिन्यांची रक्कम ठरवू. आणि नव्या खात्यावर नॉमिनी म्हणून कुणाचं नाव लावलंस? राहिलं असेल तर त्याआधी लाव.

तुझी,
आई