पीडीएफ नव्हे, कागदाचा फोटो

मा. संपादक यांस,
स. न.

सरकारी संकेतस्थळांच्या सुगम्यतेचा, म्हणजे ती दिव्यांगांनाही वापरता येण्याचा, विषय निघाला की मुखपृष्ठाच्या कोपऱ्यातली ‘अ+’ आणि ‘अ-’ ही बटणे दाखवली जातात. अक्षर मोठे करण्याची सोय प्रत्येक ब्राउझरमध्ये मुळातच असते आणि अंध वापरकर्ता स्वतःचा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर) घेऊनच येतो. त्याची गाडी अडते ती पुढे, परिपत्रकाची पीडीएफ उघडल्यावर.

कोणतीही सरकारी पीडीएफ उघडून सगळा मजकूर निवडा, कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. काहीच उमटले नाही, तर ती फाइल म्हणजे निव्वळ फोटो. परिपत्रक संगणकावरच टाइप होते. मग छापील प्रत निघते, सही-शिक्का होतो, ती स्कॅन होते आणि अक्षरांवर शाई सांडलेले तिरपे पान संकेतस्थळावर चढते. स्क्रीन रीडरला त्यात एकही अक्षर दिसत नाही. डोळस माणसालाही त्यात शब्द शोधता येत नाही. मूळ मजकूर मात्र कार्यालयाच्या संगणकात धडधाकट पडून असतो!

यावर ओसीआरचा, म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर करण्याचा, उपाय सुचवला जातो. दिव्यांग व्यक्ती हक्क नियम, २०१७ मध्येही ‘ईपब (ई-पुस्तकांचा फाइल-प्रकार) किंवा ओसीआर आधारित पीडीएफ’ असेच म्हटले होते. जुन्या, फक्त कागदावरच उरलेल्या दस्तऐवजांसाठी ते ठीक. पण पुसट छपाईत अनुस्वार गळतो, जोडाक्षर फुटते, तक्त्यातले रकाने एकमेकांत मिसळतात. टाइप केलेला मजकूर हाताशी असताना त्याचा फोटो काढून त्यातून पुन्हा अक्षरे ओळखत बसणे हा द्राविडी प्राणायाम आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० नुसार डिजिटल सही ग्राह्य आहे. ती थेट पीडीएफवर करावी. शाईचीच सही हवी असेल तर स्कॅन प्रतीशेजारी मजकुराची फाइलही ठेवावी.

नोटपॅडमध्ये रोमन अक्षरांचा काला उमटला, तर मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहे (युनिकोड म्हणजे सर्व लिप्यांतल्या अक्षरांसाठीची सामाईक संगणकीय संकेतप्रणाली). अशा फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. डोळ्यांना मराठी दिसते, स्क्रीन रीडर मात्र आतली इंग्रजी अक्षरे बडबडतो. युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने आहेत, पण प्रत्येक फॉन्टचा नकाशा निराळा, त्यामुळे नंतर मुद्रितशोधन टळत नाही.

तिसरा प्रकार फसवा. मजकूर उमटतो, पण ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते आणि जोडाक्षरे गायब होतात. युनिकोडमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर साठवली जाते, दिसते मात्र आधी. पीडीएफ बनवताना आकार आणि अक्षर यांची सांगड नीट बसली नाही की असा घोळ होतो. ‘प्रिंट टू पीडीएफ’ वापरल्यास मथळे, तक्ते यांची रचना सांगणारे टॅगही जातात. वर्डमध्ये ‘सेव्ह अॅज’ मधून पीडीएफ निवडून रचनेच्या टॅगचा पर्याय चालू ठेवावा. लिब्रेऑफिसमध्ये ‘टॅग्ड पीडीएफ’वर खूण करावी. मथळे मात्र आधी ‘हेडिंग’ शैलीतच केलेले हवेत. नुसते ठळक आणि मोठे केलेले अक्षर मथळा ठरत नाही. आणि एवढे करूनही नोटपॅडची चाचणी फसली, तर तोच मजकूर सरळ वेबपानावर टाकावा. बहुतेक परिपत्रकांना पीडीएफची गरजच नसते.

संकेतस्थळाच्या पानांचे दोष त्या मानाने लवकर सुटणारे. पानाच्या कोडमध्ये भाषा ‘इंग्रजी’च राहिलेली असते, म्हणून मराठी मजकूर इंग्रजी आवाजाच्या हवाली होतो, दुरुस्ती एका ओळीची. अर्जातल्या रकान्याचे नाव शेजारी दिसते, पण कोडमध्ये त्याच्याशी जोडलेले नसते, त्यामुळे ऐकू येते ते फक्त ‘एडिट, ब्लँक’. चित्रातल्या कॅप्चाला (अर्ज माणूसच भरतो आहे ना, हे तपासणाऱ्या वेड्यावाकड्या अक्षरांना) दुसरा पर्याय नसेल तर अर्ज तिथेच संपला. वेळमर्यादा असेल तर सत्र तुटण्याआधी इशारा देऊन मुदत वाढवायला किमान २० सेकंद द्यावेत, असे जागतिक निकष सांगतात. माउस बाजूला ठेवून फक्त टॅब आणि एंटरने अर्ज पूर्ण भरून पाहिला, की यातले बरेचसे दोष उघडे पडतात.

कायद्याची उणीव नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४६ मधली, सेवा सुगम करण्याची दोन वर्षांची मुदत जून २०१९ मध्येच संपली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वर सांगितलेल्या २०१७ च्या नियमांतला सुगम्यतेच्या मानकांचा नियम १५(१) मूळ कायद्याशी विसंगत ठरवला, कारण त्यातली मानके शिफारशीवजा होती. सक्तीची मानके ठरवायला तीन महिने दिले. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सुविधांपर्यंतची पोच राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा, भाग मानली गेली. आयएस १७८०२ हे डिजिटल सुगम्यतेचे भारतीय मानकही तयार आहे.

तेव्हा निविदेतच दोन अटी घालाव्यात: आयएस १७८०२ नुसार तपासणी, आणि प्रत्यक्ष स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांनी एक अर्ज सुरुवातीपासून पोचपावतीपर्यंत भरून दाखवल्यावरच कंत्राटदाराचे अंतिम देयक. फाइल चढवणाऱ्या कर्मचाऱ्याला तर नोटपॅडची अर्ध्या मिनिटाची चाचणी उद्यापासून करता येईल.

आपले,
संकेतस्थळांची सुगम्यता तपासणारे काही वाचक