अण्णांच्या रिपोर्टमधलं डावं-उजवं

परळ, मुंबई

प्रिय सुनील,

अण्णांच्या एमआरआयचे फोटो आणि रिपोर्ट मिळाला. रिपोर्टमध्ये डावी बाजू लिहिली आहे आणि फिल्मवर मणक्यांमधली गादी उजवीकडे सरकलेली दिसते, म्हणून तुम्ही सगळे धास्तावलात, हे तुझ्या आवाजावरून कळत होतं. तेव्हा एक्स-रेच्या खोलीबाहेर पेशंटची रांग होती, नीट बोलता आलं नाही. आता घरी येऊन सविस्तर लिहितोय. रिपोर्ट चुकलेला नाही.

उपचार डॉक्टरच ठरवतील. पण रिपोर्ट शरीरातल्या कुठल्या जागेबद्दल बोलतोय, हे तुला स्वतःला वाचता यायलाच हवं.

आधी उठून उभा राहा. ताठ, नजर समोर, पावलं जुळलेली, हात बाजूला सोडलेले आणि तळवे पुढे वळवलेले. शरीराचं वर्णन करताना माणूस असाच उभा आहे असं धरायचं, मग अण्णा प्रत्यक्षात पलंगावर कुशीवर का झोपलेले असेनात. डोक्याकडचं ते सुपीरिअर, पावलांकडचं इन्फीरिअर. पोटाकडचं अँटिरिअर, पाठीकडचं पोस्टिरिअर. आता नाकावरून बेंबीतून एक उभी रेघ कल्पून बघ: तिच्या जवळचं ते मीडिअल, तिच्यापासून बाजूला गेलेलं ते लॅटरल. तळवे पुढे असल्यामुळे हाताचा अंगठा लॅटरल होतो. पायाचा अंगठा मात्र आतल्या अंगाला, म्हणून मीडिअल. या एका गोष्टीत आमच्याकडे नवीन येणारी मुलं हमखास गोंधळतात, म्हणून मी त्यांना आधी उभं करतो आणि मगच शिकवतो.

हातापायांसाठी आणखी एक जोडी आहे, प्रॉक्झिमल आणि डिस्टल. इथे अंतर मोजायचं ते हात किंवा पाय धडाला जिथे जोडलाय तिथून. चर्चगेटहून निघालं की दादर आधी आणि बोरिवली नंतर. गाडी अप असो की डाऊन, स्टेशनं जागा सोडत नाहीत. तसंच हात डोक्यावर नेला तरी मनगट हे कोपराला डिस्टलच राहतं.

हे शब्द जगभर सारखे आहेत. पूर्वी एकाच अवयवाला देशोदेशी वेगवेगळी नावं असायची. १८९५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझलला शरीररचनेच्या अभ्यासकांनी एक समाईक लॅटिन यादी मान्य केली, पुढे तिच्यात सुधारणा होत गेल्या. म्हणून चिपळूणचा रिपोर्ट परळमध्ये बसून मला जसाच्या तसा कळतो.

आता अण्णांच्या रिपोर्टमधली ओळ घे: एल ४-एल ५ ची गादी डावीकडे पोस्टेरोलॅटरल सरकलेली. एल ४-एल ५ म्हणजे कंबरेच्या पाच मणक्यांपैकी चौथा आणि पाचवा, आणि त्यांच्यामधली गादी. पोस्टेरोलॅटरल म्हणजे मागे आणि बाजूला. गादीच्या मागून एक लांब पट्टा जातो, तो मधोमध भक्कम आणि कडेला कमजोर असतो, म्हणून गादी बहुतेकदा मागे-कडेलाच डोकावते. तिथे ती सहसा एल ५ ची शीर, म्हणजे मज्जातंतू, दाबते. ही शीर पोटरीच्या बाहेरच्या अंगाने पावलाच्या वरच्या बाजूला, पार अंगठ्यापर्यंत पोहोचते. अण्णा म्हणतात ना, कळ कंबरेत कमी आणि अंगठ्याशी मुंग्या जास्त? रिपोर्ट आणि त्यांचं दुखणं एकमेकांना धरून आहे.

आणि तुझा मुख्य प्रश्न. डावं-उजवं नेहमी पेशंटचं, बघणाऱ्याचं नाही. आडव्या कापाची चित्रं, आपण उताण्या झोपलेल्या पेशंटच्या पायाशी उभे राहून डोक्याकडे बघतोय अशी मांडलेली असतात. म्हणून पेशंटची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला दिसते. पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये यकृत याच कारणाने चित्राच्या डाव्या भागात दिसतं, असतं मात्र उजव्या कुशीत. एक्स-रे काढताना मी बोटाच्या पेराएवढं शिशाचं 'एल' (लेफ्ट, डावं) किंवा 'आर' (राइट, उजवं) अक्षर प्लेटवर ठेवतो. किरण शिशातून जात नाहीत, त्यामुळे ते अक्षर फिल्मवर पांढरंशुभ्र उमटतं. फिल्म कुणी उलटी धरली तर ते अक्षरही उलटं दिसतं. माझ्या कामात याहून महत्त्वाचं फार थोडं आहे, असं मला मनापासून वाटतं.

म्हणूनच एक विनंती. अण्णांच्या पायाचे फोटो पुढच्या कॅमेऱ्याने काढू नकोस, काही फोनमध्ये डावा पाय उजवा होऊन येतो. आणि डॉक्टरांना 'पाय दुखतो' एवढंच सांगू नका. अण्णांना एका बोटाने दाखवू दे: डावी पोटरी, बाहेरचं अंग, गुडघ्याच्या चार बोटं खाली, तिथून पावलाच्या वर.

लघवी-शौचावरचा ताबा सुटला, बसायची जागा बधिर झाली किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर माझ्या फोनची वाट न बघता तडक मोठ्या दवाखान्यात न्या. तसं काही नसेल तर पुढच्या आठवड्यात तुतारी एक्सप्रेसने या. येताना एमआरआयची सीडी आणि जुने एक्स-रे आठवणीने आण. मी दादरला उतरवून घ्यायला येतो.

अण्णांना नमस्कार, वहिनींना काळजी करू नका म्हणावं.

तुझा,
दिलीप