अभ्यास नंतर, आधी मधली सुट्टी

जळगाव

प्रिय संजू,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या वर्गातल्या मुलीला ल्युकेमियासाठी, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरसाठी, मुंबईला नेल्याचं कळलं. हा उपचार बहुतेक मुलांत दोन-अडीच वर्षं चालतो, पण सुरुवातीचे कडक महिने सरले की बरीच मुलं गोळ्या चालू असतानाच शाळेत येतात. म्हणून तिची जागा मोडू नकोस, आणि त्या बाकावर दप्तरांचा ढीगही होऊ देऊ नकोस.

अभ्यास कसा पाठवू, असं तू विचारतोस. तो मागाहून भरून निघतो रे. आधी मधली सुट्टी पाठव. चाळीस पोरांचं ‘लवकर बरी हो’ नको, त्यावर ती उत्तर काय देणार? कळण्याची भाकरी कुणी पळवली, ठेचा कुणाला झोंबला, हे सांगणारा दोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवा, शेवटी तिलाच एखादा प्रश्न टाकून.

व्हिडिओ कॉल वीस मिनिटांचाच ठेव. दोन-तीनशे एमबी जातात आणि केमोनंतर तीही तेवढ्यात थकते. फोन स्टँडवर, दुसऱ्या बाकावर. डोक्यावर पंखा नको, नाहीतर घरघरच ऐकू येते. कॅमेऱ्यासमोर खिडकी आली तर पोरं काळी दिसतात. तिचा कॅमेरा मात्र बंद. केस गेलेले, स्टेरॉइडनं चेहरा सुजलेला, तो भिंतीवर मोठा करून दाखवायचा नसतो. नॉर्वेच्या नो आयसोलेशन कंपनीचा एव्ही१ रोबोट आजारी मुलाच्या जागी वर्गात ठेवतात, तो याच तत्त्वावर चालतो: मूल वर्ग बघतं, वर्गाला फक्त त्याचा आवाज. नुसतं ऐकायचं असेल तर रोबोटच्या डोक्यावर निळा दिवा लागतो. तू स्टँडला निळं कार्ड अडकव. तिनं शेजारणीला सांगितलं की कार्ड वर, मग तिला प्रश्न नाही.

पहिल्या आठवड्यात सगळे फोनला चिकटतात, तिसऱ्यात कुणी फिरकत नाही. म्हणून तिनंच निवडलेल्या तिघींचे वार आत्ताच ठरव.

वर्गात कांजिण्या किंवा गोवर निघाला तर त्याच दिवशी तिच्या आईला फोन कर, ती दवाखान्यातून सुट्टीवर घरी आलेली असली तर सगळ्यात आधी. रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी असताना तो जिवावर बेततो.

आणि शहाद्याकडं सिकलसेलची (रक्ताचा आनुवंशिक आजार, अंग फार दुखतं) पोरं दर महिन्या-दोन महिन्यांनी तीन-चार दिवस गायब होतात, त्यांना दांडीबहाद्दर म्हणू नकोस. बाकावर पाण्याची बाटली, लघवीला विचारल्याशिवाय परवानगी, थंडीत परिपाठाला उन्हात जागा. २०१६च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल आहे, मुख्याध्यापकांना तेवढं दाखव.

वहिनींना नमस्कार. स्टँड एसटीच्या पार्सलनं पाठवतोय.

तुझा,
अविनाश