कॅथोडच्या कल्हईबद्दल : अवजड उद्योग मंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय अवजड उद्योग मंत्री यांस,
स.न.वि.वि.

पितळेच्या पातेल्यात ताक ठेवलं की कळकतं, म्हणून आजी दरवर्षी कल्हई करून घ्यायची. लिथियम-आयन बॅटरीच्या सेलमधल्या कॅथोडचं, म्हणजे धन टोकाच्या पदार्थाचं, दुखणं याच जातीचं आहे.

मी पुण्यातल्या एका छोट्या प्रयोगशाळेत सेल तपासतो. इलेक्ट्रोलाइटमधल्या, म्हणजे सेलमधल्या द्रावणातल्या, लिथियम-क्षाराला पाण्याचा अंश जरी लागला तरी हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होतं. ते निकेलयुक्त कॅथोडचा पृष्ठभाग कुरतडतं, सुटलेलं निकेल-मँगनीज ॲनोडवर, म्हणजे ऋण टोकावर, जाऊन बसतं आणि सेल लवकर म्हातारी होते. कॅथोडच्या पावडरीच्या कणांवर ॲल्युमिनाचा (ॲल्युमिनियम ऑक्साइडचा) काही नॅनोमीटरचा थर असला की आम्ल आधी त्याला भिडतं. थर जाड झाला तर मात्र लिथियमचीच वाट अडते. कल्हईवाला गरम भांड्यावर कापूस फिरवून कथील पातळ पसरतो, ते उगाच नाही. आतून तडकणाऱ्या कणाला वरची कल्हई पुरत नाही, हेही कबूल.

२०२१ साली केंद्राने बॅटरी सेलसाठी १८,१०० कोटींची पीएलआय (उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन) योजना मंजूर केली. तिच्या निकषांत ऊर्जा-घनतेच्या (किलोमागे किती ऊर्जा मावते) जोडीला सायकल-आयुष्यही (किती चार्ज-डिस्चार्ज फेऱ्या सेल टिकते) आहे. उत्तम! पण ते आयुष्य छोट्यांनी मोजायचं कुठे? दोन तास चार्ज, दोन तास डिस्चार्ज असं धरलं तर ५०० सायकलींना २,००० तास, म्हणजे ८३ दिवस लागतात. थराच्या तीन जाड्या आणि एक बिनथराचा नमुना, प्रत्येकी तीन सेल, म्हणजे चाचणी-यंत्राचे बारा चॅनल (एका चॅनलवर एक सेल) तीन महिने अडकले. आमच्याकडे आहेत सोळा. गेल्या मे महिन्यात चारशेव्या सायकलीला वीज गेली, यूपीएसनेही मान टाकली; पुन्हा एकपासून सुरुवात.

दुसरी अडचण भट्टीची. पाच ग्रॅम पावडरवर थर नीट बसतो, पाच किलो घेतली की गुठळ्या होतात, कुठे जाड कुठे उघडी. ती पायरी चढायला यंत्रसामग्री लागते आणि ती विकत घेण्याची आमच्यासारख्यांची ऐपत नाही.

म्हणून मागणी एवढीच : काही किलो पावडरवर थर देणारी भट्टी आणि अखंड विजेवर चालणारे काहीशे चॅनल असलेलं सार्वजनिक केंद्र पुण्यात उभारा. कंपन्यांकडून पूर्ण भाडं घ्या, विद्यार्थ्यांना सवलत द्या आणि कुठला चॅनल कधी मोकळा होणार, ते वेळापत्रक सगळ्यांना दिसेल असं ठेवा.

कळावे.
आपला,
सेल तपासणारा एक तंत्रज्ञ, पुणे